दर्शनी हुंडी

हुंडीचे दोन प्रकार असतात. एक मुदती आणि दुसरी दर्शनी. मुदती हुंडीला तारीख असते, तारखेनंतर सवलतीचे तीन दिवस असतात. थोडक्यात म्हणजे, देणाऱ्याला गाव सोडायला पुरेसा वेळ असतो. दर्शनी हुंडीचे तसे नाही. ती समोर धरली की पैसे मोजायचे. दर्शन झाले की दक्षिणा ठरलेली! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून पोट भरतो आहे. एवढ्या काळात माझ्यासमोर एकही हुंडी आलेली नाही. मात्र पुण्याच्या पेठांतून चालताना एक दर्शनी हुंडी मला हटकून दिसते. जुन्या वाड्याचा दर्शनी भाग म्हणतात तो हाच. रस्त्याने जाणाऱ्याने थांबावे, मान वर करावी, "काय कोरीवकाम आहे हो!" म्हणावे आणि चालू लागावे. हुंडी वटली! पैसे कोणी मोजले? आत गळक्या छपराखाली बादली सरकवत बसलेल्या मालकाने.

आज मला भांडायचे आहे. एरवी मी भांडखोर नाही. भांडण्याचे खाते बँकेत ग्राहकांकडे आणि घरी आमच्या हिच्याकडे आहे. माझ्याकडे दोन्ही ठिकाणी फक्त पोचपावती देण्याचे काम असते. पण इमारतीचे तोंड तेवढे जपायचे आणि तिच्या पोटात काय चालले आहे ते विचारायचे नाही, हा जो नवा रिवाज आपल्याकडे पडला आहे, त्याच्याविरुद्ध कोणीतरी बोलले पाहिजे. शहाणी माणसे बोलत नाहीत, तेव्हा हे काम कारकुनाकडे येते. बाकीची कामेही तशीच येतात.

तोंड जपण्याच्या शास्त्रात फ्रेंचांचा हात धरणारे फार थोडे. ३१ डिसेंबर १९१३ या दिवशी त्यांनी ऐतिहासिक वास्तूंचा कायदा केला. (वर्षअखेरीला काम उरकणारी माणसे मला फार जवळची वाटतात.) त्या कायद्याखाली गावातले एखादे जुने घर संरक्षित होते, तेव्हा पुष्कळदा संपूर्ण घर होतच नाही. कागदावर एवढेच लिहितात : 'दर्शनी भाग आणि छपरे.' म्हणजे चेहरा आणि टोपी सरकारी संरक्षणात, सदरा-विजार ज्याची त्याने सांभाळावी! पुढे १९४३ साली संरक्षित वास्तूभोवती पाचशे मीटरांचा टापू आखला गेला. त्या टापूत खिडकीचा रंग बदलायचा तरी सरकारी वास्तुविशारदाला विचारावे लागते. आपल्याकडे नवराही इतके विचारत नाही.

मग १९६२ साली आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. हे मालरो कादंबरीकार, आणि फ्रान्सने त्यांना सांस्कृतिक मंत्री केले होते. त्या कायद्याने एकेकट्या घराऐवजी अख्ख्या जुन्या वस्त्याच संरक्षणाखाली घेतल्या, आणि जो मालक नियमाप्रमाणे घर दुरुस्त करील त्याला करात सवलत ठेवली. पॅरिसमधल्या मारे या वस्तीतले काळवंडलेले वाडे (हो, वाडेच ते, आत चौक असतो) पुन्हा उजळले. मात्र त्या चौकांतून पिढ्यान्‌पिढ्या ठोकाठोकी करणारे छोटे कारखाने हलले, स्वस्त भाड्याची बिऱ्हाडे हलली आणि त्यांच्या जागी श्रीमंत मंडळी आली. घरे वाचली आणि घरातली माणसे बदलली. तरीही एक गोष्ट फ्रेंचांच्या जमेला मांडलीच पाहिजे. दर्शनी हुंडीतला काही हिस्सा तरी सरकारने आपल्या खिशातून वटवला. आपण फ्रेंचांकडून मान वर करून बघायचे तेवढे शिकलो. खिशात हात घालण्याचा धडा त्या दिवशी बहुधा गैरहजेरीत बुडाला.

खरी गंमत अशी की आमच्या वाड्याला हे शास्त्र लागूच पडत नाही. तोंड हा वाड्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा अवयव. रस्त्याकडे जाड भिंत, जुजबी खिडक्या आणि एक भक्कम दरवाजा, त्यातही पोटात छोटी दिंडी, म्हणजे आत येणाऱ्याने मान वाकवूनच यावे. आत देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी, सोपा, माजघर, आणि मोठा वाडा असेल तर त्यामागे आणखी एक चौक. सगळी खोल्यांची तोंडे चौकाकडे. वाडा रस्त्याकडे पाठ करून स्वतःच्या पोटात डोकावत बसलेला असतो. उजेड चौकातून, वारा चौकातून, आणि कोणाकडे आज कसली फोडणी पडली ही बातमीही चौकातूनच. अशा घराचा 'दर्शनी भाग जपला' म्हणणे हे फणसाचे साल जपून गरे फेकण्यासारखे आहे.

याला अपवाद आहेत. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा घ्या. १८०७ च्या सुमाराचा. त्याची लाकडी कोरीव सज्जाची दर्शनी बाजू खरोखर मान वर करून पाहावी अशीच आहे. पण तो वाडा टिकला कशामुळे? पेशवाई गेल्यावर १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, जिच्यापासून डेक्कन कॉलेज आपला वंशवृक्ष मोजते. १८७९ साली त्याला आग लागली, तेव्हा तो पुन्हा उभा केला गेला. पुढे नगरपालिकेची कचेरी आली. थोडक्यात, कोणी ना कोणी त्यात नांदत राहिले. सुरूच्या आकाराच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून सर्वांत उत्तम औषध म्हणजे खांबाला टेकून बसणारा माणूस. कचेरीतला कारकूनही चालतो. खांबाला टेकून बसण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही.

आता त्याच्या उलट उदाहरण. शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये. (मला यातले दहा रुपये फार आवडतात. हिशेब जुळला होता याचा तो पुरावा आहे.) १८२८ साली आग लागली, ती कित्येक दिवस जळत राहिली. उरले काय? तटबंदी, पाच दरवाजे, नगारखाना आणि आत जोत्यांच्या रांगा व हिरवळ. पाहुण्यांना आम्ही मोठ्या दिमाखाने दिल्ली दरवाजातून आत नेतो आणि आत नेल्यावर "इथे हे होते, तिथे ते होते" असे हवेत हात करून दाखवतो. म्हणजे पुण्यातला सर्वांत मोठा वाडा हा संपूर्णपणे दर्शनी भाग आहे! पण तो आगीने केला, आपण ठरवून केला नाही. जे आगीने एकदा केले ते आता बाकीच्या वाड्यांच्या बाबतीत आपण आरामात, नकाशे मंजूर करून करतो आहोत.

बरे, या जळालेल्या वाड्याचा मान एवढा मोठा, की २०१० साली केंद्र सरकारच्या पुरातत्त्व कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे अशा संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीने. दुरुस्ती करता येते, पण तिलाही परवानगी. हेतू उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शनिवारवाड्याच्या तटाला चिकटून वीस मजली टॉवर उभा राहावा असे मलाही वाटत नाही. पण त्या शंभर मीटरांत साधे नांदते वाडेही आहेत. त्यांच्यासाठी कायद्यात मनाई आहे, परवानगी आहे, दंड आहे. दुरुस्तीचे पैसे मात्र नाहीत. मेलेल्या वाड्याच्या सावलीत जिवंत वाडे हळूहळू मरतात आणि कायदा म्हणतो, आमच्या हद्दीत सर्व काही शांत आहे.

आता मालकाचा ताळेबंद मांडू. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. त्याने प्रमाण भाडे धरले ते १ सप्टेंबर १९४० चे. महायुद्ध चालू होते, तेव्हाचे भाडे! पुढे नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली. समजा, एका खोलीचे भाडे २००० साली पाच रुपये होते. चार टक्के चक्रवाढीने पंचवीस वर्षांत ते किती होईल? तेरा रुपये तेहतीस पैसे. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केले आहे. तेरा रुपये तेहतीस पैशांत सागवानी तुळई बदलून दाखवणाऱ्या सुताराचा मी जाहीर सत्कार करायला तयार आहे. हार माझा.

म्हणून भाडेकरूला खलनायक करू नका. मीच भाडेकरूचा मुलगा. आमच्या वाड्यात सतरा बिऱ्हाडे होती आणि संडास तीन. सकाळच्या रांगेत माझे पाढे पाठ झाले. पावसाळ्यात भिंत फुगायची तेव्हा वडील तिला टेकू लावायचे, आणि मालक त्या टेकूकडे बघून म्हणायचे, "आमच्यापेक्षा तुम्हालाच घराची जास्त काळजी!" त्यात उपरोध नव्हता, हिशेब होता. वाड्यात राहणाऱ्याला वाड्याचे प्रेम वाड्यातून बाहेर पडल्यावरच येते, हे मी जाणून आहे. वाड्यावर लेख लिहिणाऱ्या मंडळींपैकी किती जण त्या रांगेत उभे राहिले होते, एवढे मात्र एकदा मोजले पाहिजे.

अशा वाड्याचा मालक दुरुस्तीसाठी कर्ज मागायला बँकेत येतो. आम्ही त्याला खुर्ची देतो. खुर्चीपुढे फारसे काही देता येत नाही. वारस एकतीस, त्यांतले दोन अमेरिकेत, एकाचा पत्ता नाही. मूल्यांकनाच्या कागदावर 'इमारतीचे उर्वरित आयुष्य' असा रकाना असतो. एकदा त्यात 'नाही' असे लिहून आले. मालक म्हणाला, "साहेब, मी सकाळी तिथूनच जेवून आलोय!" वास्तविक घसाऱ्याचे आमचे एक शास्त्र आहे. घटत्या बाकीच्या पद्धतीने दरसाल कितीही टक्के वजा करा, किंमत शून्यावर कधीच येत नाही. काहीतरी उरतेच. हे बी. कॉम.च्या पोराला कळते, पण मूल्यांकनाच्या रकान्याला कळत नाही.

यावर कडी म्हणजे याद्या. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांची यादी करते. वारसा वास्तूंची यादी वेगळी. समजा एखादा वाडा दोन्ही याद्यांत आला. मग एक खाते म्हणणार, पाडू नका. दुसरे खाते म्हणणार, पाडा. दोन्ही आदेशांचे निष्ठेने पालन करण्याचा एकच मार्ग उरतो : काहीही न करता वाट बघणे. उरलेले काम पाऊस करतो. पाऊस कोणाच्या परवानगीला थांबत नाही.

आता माझ्यावर दोन्हीकडून हल्ला होणार. रविवारी सकाळी टोपी घालून वारसा फेरीला निघणारे म्हणतील, "काहीच वाचत नसेल तर निदान दर्शनी भाग तरी वाचू द्या." दुसऱ्या बाजूने पुनर्विकासवाले म्हणतील, "अहो, लोकांना संडास पाहिजे, तुम्ही कसली महिरप सांगता!" दुसऱ्यांचे मला पटते. संडास पाहिजेच, मी तो बांधून देणाऱ्याच्या बाजूने आहे. पण संडासासाठी चौक बुजवावा लागतो, हे कोणत्या अभियांत्रिकीत लिहिले आहे? आणि पहिल्यांना मी विचारतो : तोंड ठेवून मागे सात मजली काच उभी केली, तर तुम्ही वाचवले काय? चेहरा काढून भिंतीला टांगला, तर त्याला आपण मुखवटा म्हणतो. मुखवटा ठेवायची जागा गौरींच्या मखरात. तिथेही आम्ही तो धान्याच्या राशीवर ठेवतो, रिकाम्या डब्यावर ठेवत नाही.

रिकाम्या डब्यावर मुखवटा कसा दिसतो हे पाहायचे असेल तर आमच्याकडे मारुंजीला या. मारुंजी म्हणजे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले गाव. जिथे शेते होती तिथे आता टॉवर पिकतात. आमच्या इमारतीचे नाव फ्रेंच आहे. त्याचा उच्चार काय करायचा यावर दोन सर्वसाधारण सभा झाल्या. रिक्षावाल्याला मात्र आम्ही 'टाकीसमोरची' असे सांगतो. समोर चार रोमन खांब आहेत. त्यांनी काहीही पेललेले नाही. ठोकले तर डबा वाजतो. पलीकडच्या संकुलाने मराठी बाणा दाखवून दारावर फायबरची महिरप आणि दिंडी दरवाजाचे चित्र लावले आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरातले हौद भरले. आमच्याकडे महिरपीखालून रोज पाण्याचा टँकर आत येतो, आणि उंच असला तर महिरपीला खरचटून येतो.

आणि या तोंडाचे संरक्षण काय कडक! बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी. आईचे पातळ दिसले की नोटीस : 'इमारतीचे एलिव्हेशन बिघडते.' जाळीचा रंग ठरलेला, पडद्याचा रंग ठरलेला, कुंडी आतल्या बाजूला. दोनशे वर्षांच्या सागवानी सज्जाला पुण्यात मिळत नाही ते संरक्षण मारुंजीत आठ वर्षांच्या प्लॅस्टरला आहे, कारण इथे फ्लॅटचा भाव तोंडावर ठरतो. आत काय आहे? अकराव्या मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारे. आई पहिल्या आठवड्यात जाऊन तीन दारे वाजवून आली. तिन्ही दारांतून तिला विचारले, "पार्सल आहे का?" तेव्हापासून तिने भाजी काय केली हे कोणाला सांगितलेले नाही. चौक गेला म्हणजे काय गेले, हे मला कोणत्याही वास्तुशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या एका प्रश्नाने जास्त कळले.

आता विनोद बाजूला ठेवून एका वाड्याचे नाव घेतो. बुधवार पेठेतला भिडे वाडा. दगडूशेठ गणपतीच्या समोर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली तिथे मुलींची शाळा काढली. त्या वाड्याच्या तोंडावर मान वर करावी असे काही उरले नव्हते. खाली दुकानांच्या पाट्या, वर मोडकळीला आलेले लाकूड. दर्शनी भागाच्या परीक्षेत तो सपशेल नापास झाला असता. त्याचे सगळे मोठेपण आत होते : एक खोली, त्या खोलीत बसून अक्षरे गिरवणाऱ्या थोड्या मुली, आणि त्यांना शिकवायला येणारी एक बाई. जागेचा वाद कोर्टात चालत राहिला आणि वाडा मोडत राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने तो ताब्यात घेऊन पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक उभारायचे म्हणून. स्मारक व्हावे, देखणे व्हावे. पण जी खोली पंच्याहत्तर वर्षांच्या स्वराज्यात आपल्याला सांभाळता आली नाही, तिची आठवण आपण आता नव्याने बांधणार. पैसे लागणारच होते. वेळेवर लागले असते तर खोली राहिली असती.

तेव्हा माझे म्हणणे चार ओळींत सांगतो. एक, यादीत 'दर्शनी भाग' एवढेच लिहू नका. चौक, जिना, विहीर, देवघर, आणि तिथे काय घडले तेही लिहा. दोन, जे सर्वांनी बघायचे त्याचा खर्च सर्वांनी द्यायचा. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत, मालकाचा बांधकामाचा हक्क बुडाला तर त्याला तो दुसरीकडे वापरता यावा किंवा विकता यावा, अशी तजवीज होती. म्हणजे कल्पना आपल्याला सुचत नाही असे नाही. हक्काचा कागद मिळेपर्यंत तुळई थांबत नाही, एवढेच. म्हणून तीन, होकार असो वा नकार, तो मुदतीत द्या. आमच्याकडे चेक वटायला लागतो त्याच्या दहापट वेळ घ्या हवा तर, पण मुदत असू द्या. आणि चार, वाडा दुरुस्त करताना त्यातला भाडेकरू आत राहील असे बघा. नाही तर आपलाही मारे होईल, फक्त क्रॉसाँऐवजी मस्तानी विकणारा.

हे सगळे महाग आहे, हे मला समजते. पण हुंडीच्या व्यवहारात एक नियम आहे, तो जाता जाता सांगतो. हुंडीच्या तोंडावर नुसती रक्कम लिहिलेली असते. ती वटेल की नाही, हे बघायला शहाणा माणूस कागद उलटा करतो. पाठीमागे ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या, ते सगळे त्या रकमेला बांधले जातात. आमच्या वाड्यांची तोंडे आपण फार वर्षे वाचली. आता कागद उलटा करू या. पाठ अजून कोरी आहे.